सराव चौदा, वाक्य सातवं

३ नोव्हेंबर

ताई,

जोडाक्षरं कमी वापरायची असं ठरवून लिहायला बसले, आणि पहिल्याच ओळीत 'जोडाक्षरं' हाच शब्द आला. असो. अक्षर मोठं काढतेय, दोन ओळींत जागाही सोडतेय. तू बोट ठेवून वाचतेस तेव्हा बोटाखाली पुढची ओळ झाकली जाते, हे माझ्या लक्षात आहे.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. आज सव्वीस दिवस झाले. भावजी घेतात आणि म्हणतात, "मेव्हणीबाई, ती इस्त्रीवर आहे." सकाळी केला तरी इस्त्रीवर, दुपारी केला तरी इस्त्रीवर. परवा मी विचारलं, "भावजी, खरं सांगा, ती तुमच्या शेजारीच उभी आहे ना?" तर म्हणाले, "मला दोघींच्या मधे घेऊ नका. मला याच घरात जेवायचंय."

काय झालं ते मला भिंगरीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. तुझ्या लेकीला शाळेत इंग्रजी व्याकरणाची नवी सराव-पुस्तिका मिळाली, आतल्या पानावर मावशीचं नाव दिसलं, ती नाचत तुला दाखवायला आली, आणि तू म्हणालीस, "वाच की मग. मावशीने काय लिहिलंय ते मलाही कळू दे." तिने एकेक वाक्य वाचायचं, त्याचा अर्थ सांगायचा आणि तू इस्त्री करता करता ऐकायचं. तेरा सराव झाले. चौदावा आला. सातव्या वाक्यापाशी तू इस्त्री उभी करून ठेवलीस आणि म्हणालीस, "बंद कर ते." तेव्हापासून पुस्तिका कपाटावर आहे, पोरीचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि ती गृहपाठ मैत्रिणीच्या पुस्तिकेतून करते.

ताई, ती नुसती उदाहरणं आहेत गं. मला दीड महिन्यात चाळीस सराव लिहायचे होते, दर सरावात दहा वाक्यं. चारशे वाक्यं कुठून आणायची? खिडकी, बस, सफरचंद आणि डॉक्टर संपले की माणूस घरातल्यांकडे वळतो. सगळेच तसं करतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

भिंगरीची पुस्तिका तिला दे. तिचा यात काय दोष?

एकदा फोन घे. बोलू नकोस हवं तर, नुसता घे.

तुझी
बारकी


११ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. मी पोस्टमनला रोज वरच्या गॅलरीतून विचारते, आता तो मान वर न करताच हात हलवतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. ते खरं नाही. पत्र टाकलं आणि पेटीचं झाकण पडायच्या आत मला ते कळलं होतं. 'सगळेच तसं करतात' हेही मला माहीत नव्हतं, ते मी नंतर चौकशी करून पाहिलं. त्याबद्दल खाली लिहिते.

मी दिवसभर काय करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. "पुस्तकांच्या ऑफिसात आहे" एवढंच तू लोकांना सांगतेस, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी पुस्तकं विकते. एका लांबट खोलीत आम्ही पाच जण बसतो. मधे मोठं टेबल आहे, आपल्या इस्त्रीच्या टेबलाएवढंच, पण त्यावर घोंगडी नाही, कागद. मुलांनी गाळलेल्या जागा भराव्यात म्हणून आम्ही दिवसभर जागा गाळत बसतो. आमच्या संपादकबाई प्रत्येकाला एकेक पुस्तिका वाटून देतात. मला व्याकरणाची देताना म्हणाल्या, "सराव चौदावा कठीण आहे. मन लावून कर." मन लावलं, तेच नडलं.

चौदाव्यात एकच क्रियापद आहे. इंग्रजीत त्याला हॅव म्हणतात. त्याचा साधा अर्थ, जवळ असणं. मला एक बहीण आहे, असं म्हणायला हॅव लागतं. पण त्याच्या आधी काही छोटे मदतनीस शब्द येऊन उभे राहिले आणि पुढे झालेलं काम आलं, की तेच हॅव मागे वळून बघायला लागतं. कुड आला तर 'करता आलं असतं'. शुड आला तर 'करायला हवं होतं'. मस्ट आला तर 'केलंच असणार'. माइट आला तर 'केलं असेलही'. आणि या सगळ्यात हॅव स्वतः तसूभर बदलत नाही. एरवी समोर माणूस बदलला की ते हॅज होतं, काळ बदलला की हॅड होतं. मदतनीस आला की मात्र एकच रूप. आपल्या इस्त्रीसारखं आहे बघ. इस्त्री तीच, तवा तोच. बटण रेशमावर ठेवलंय की सुतीवर, यावर कापडाचं काय व्हायचं ते ठरतं.

मुलं या बटणांचा घोळ घालतात. त्यांना वाटतं, चारही सारखेच, सगळे गेलेल्या गोष्टींचेच. पण कुडने कुणाला दोष लागत नाही, फक्त एक दार होतं एवढंच कळतं. शुडने दोष लागतो. मस्ट म्हणणारा माणूस तिथे नव्हता, तरी छातीठोकपणे सांगतो. माइटवाला निदान आपल्याला माहीत नाही हे कबूल करतो. मी हे सगळं समजावणारा एक परिच्छेद लिहिला होता. बाईंनी तो काढला. म्हणाल्या, "अगं, आठवीची पोरं आहेत, त्यांना कोर्टात उभं करायचं नाही."

तर सराव चौदामधली चार वाक्यं आपल्या घरची आहेत. तू ऐकलीस, तरी लिहिते, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको. तिसरं: माझ्या बहिणीला शाळेत जाता आलं असतं. पाचवं: ती खूप रडली असणार. सातवं: मी दोन्ही फॉर्म द्यायला हवे होते. आणि नववं: शाळेने तिला वयामुळे नाकारलं असेल.

आता बाईंचं. पुस्तिका एक डिसेंबरला पुन्हा छापायला जाणार आहे, शाळांकडून मागणी आलीय. बाई म्हणाल्या, चुका असतील त्या पंचवीस तारखेपर्यंत लिहून दे. मी धीर करून विचारलं, "बाई, एखादं वाक्य खरं असेल तर?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे घडलेलं. घरात."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, मी आख्खा विशेषणांचा धडा सासूबाईंवर काढलाय. त्यांच्या हातचा चहा, त्यांचा आवाज, त्यांची चाल. त्यांनी तोच धडा नातवाला दोनदा शिकवला. वर मला म्हणाल्या, 'ही बाई कोण गं, फारच खाष्ट दिसते.' कोणी ओळखत नाही. काळजी करू नकोस."

मी हसले. आणि मग दुपारभर मला एकही जागा गाळता आली नाही.

तुला विचारल्याशिवाय मी या चारमधलं एकही वाक्य काढणार नाही आणि ठेवणारही नाही. कुठलं काढू, तू सांग. पंचवीसच्या आत सांग. मला माहीत आहे, तुला असं तारखेला बांधलेलं आवडत नाही. पण परत छापलं गेलं आणि तू तोवर बोललीच नाहीस, तर ते वाक्य पुन्हा हजारो पोरांच्या हातात जाईल, आणि मग तू माझ्याशी कधीच बोलणार नाहीस, असं मला सारखं वाटतं.

सातव्याबद्दल नंतर लिहिते.

बारकी


१७ नोव्हेंबर

ताई,

काल भिंगरीची चिठ्ठी आली. वहीचं पान, कोपऱ्यात तुझ्या लाँड्रीचा शिक्का. तीनच ओळी. "मावशी, आई विचारते की कोणते दोन फॉर्म. आई म्हणाली, खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर शाई वाया घालवू नको. मी ठीक आहे, तू कशी आहेस?"

मी ती चिठ्ठी चोवीस तास पर्समध्ये घेऊन फिरले. आज जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेत, टेबलावर मी एकटी आहे. लिहिते.

मी सहा वर्षांची होते, तू तेरा. ती मोठी खोली, अर्ध्यात आपण राहायचो आणि अर्ध्यात लाँड्री. आई धुवायची, बाबा पोचवायचे, तू इस्त्रीला. मी रुमालांच्या घड्या घालायची, कोपऱ्याला कोपरा, तूच शिकवलं होतंस. शाळेच्या मोठ्या बाईंचे कपडे आपल्याकडे यायचे. त्यांनी एक दिवस बाबांना दारातच उभं केलं आणि म्हणाल्या, "दोघी घरी? दोघी?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन फॉर्म भरून घेऊन आल्या. बाबांनी दोन्हींवर अंगठा उठवला. बाई म्हणाल्या, "सोमवारी पोरीच्या हाती पाठवून द्या."

त्या रविवारी मी चादरींच्या गठ्ठ्यामागे होते. आईबाबांना वाटलं मी झोपलेय. बाबा म्हणाले, "दोघींचं जमायचं नाही. इस्त्रीला कोण?" आई म्हणाली, "मग एकीचं बघा." बाबा म्हणाले, "शाळेलाच ठरवू दे. दोन्ही कागद जाऊ देत, त्यांना जी बरी वाटेल ती घेतील."

ताई, सगळं त्या एका वाक्यावरून झालं. ज्या त्या गिऱ्हाइकाच्या खुणेची दोऱ्याची गाठ चाचपून कपडा कुणाचा ते तू डोळे मिटून सांगायचीस. तू गिऱ्हाइकांशी हिशेबात भांडायचीस आणि जिंकायचीस. मला चपलेचा पट्टा लावता येत नव्हता. शाळेला कोण बरी वाटेल, हे सहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

सोमवारी सकाळी दोन्ही फॉर्म माझ्या हातात होते. आई मोरीत होती, तू पाणी आणायला गेली होतीस. खुंटीवर वकीलसाहेबांचा काळा कोट होता, इस्त्री झालेला, बाबा निघताना नेणार होते. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. धुवायच्या आधी खिसे बघायचे, सापडेल ते डब्यात ठेवायचं, कारण खिशातलं ते गिऱ्हाइकाचं. पण इस्त्री झालेल्या कपड्याच्या खिशात हात घालायचा नाही, घडी मोडते. म्हणजे त्या घरात कुणीही कधीही बघणार नाही अशी एकच जागा होती. मी तुझ्या फॉर्मची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवली.

मग शाळेत गेले आणि एक फॉर्म दिला.

संध्याकाळी आईने विचारलं, "ताईच्या कागदाचं काय झालं?" मी म्हटलं, "ती मोठी आहे म्हणाल्या." बस, एवढंच. आईने मान हलवली. बाबांना सुटल्यासारखं झालं असेल. तू इस्त्रीत निखारे भरत होतीस, तुझी पाठ होती माझ्याकडे. 'शाळेने तिला वयामुळे नाकारलं' हे आपल्या घरचं खरं झालं. आई जाईपर्यंत तेच सांगत होती.

नंतर मी रोज शाळेतून आले की दप्तर न ठेवता इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची आणि त्या दिवशी शिकलेलं अक्षर तुला शिकवायची. तू चादरीवर बोटाने गिरवायचीस. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती गुणाची पोर, बहिणीला शिकवते." मी गुणाची नव्हते. मी घाबरलेली होते.

मी सराव चौदापाशी पोचले तेव्हा पहिली दोन वाक्यं बस आणि डॉक्टरची लिहिली. तिसरं आपोआप आलं. पाचवं आलं. सातवं लिहिलं. खोडायला गेले आणि वाटलं, राहू दे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी हे कुठेतरी लिहिलं होतं. आणि मग नववं लिहिलं, ज्यात मी पुन्हा खोटं बोलले, कारण सातव्याची मला भीती वाटली होती.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. मी ते लिहू शकले, कारण ते इंग्रजीत होतं. तुला वाचता येत नाही अशा भाषेत मी तुझी माफी मागितली. भिंगरीच्या शाळेत तीच पुस्तिका लागेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

खिडकीबाहेर बाईंचा आवाज येतोय. सगळे परत आले. थांबते.

बारकी


२२ नोव्हेंबर

बारके,

हे माझं आयुष्यातलं पहिलं पत्र आहे. चुका काढू नको. भिंगरी म्हणाली मी लिहून देते. मी म्हटलं नको. हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

तुझं पत्र वाचायला तीन दिवस लागले. इतकं लांब कशाला लिहितेस. गिऱ्हाइकं बोंबलतात.

आता ऐक. मला माहीत होतं.

आठव्या दिवशी वकीलसाहेब स्वतः आले. आईबाबा नव्हते. तू शाळेत होतीस. मी एकटी. त्यांनी कागद काढून दिला. म्हणाले, नेहमी माझं काहीतरी तुमच्याकडे राहतं, या वेळी तुमचं माझ्याकडे आलं. मला वाचता येत नव्हतं. पण खाली बाबांचा अंगठा ओळखला. आणि घडी ओळखली. कोपऱ्याला कोपरा. रुमालाची. घरात कागदाची अशी घडी घालणारं एकच माणूस होतं.

तुला चोपून काढणार होते. खरंच. तू येईपर्यंत दारात उभी होते.

पण मधे दुपार होती बारके. दुपारभर कागद माझ्या हातात होता. शाळा किती लांब होती? गल्ली संपली की शाळा. कागद नेऊन दिला असता तर मोठ्या बाईंनी घेतला असता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलंही, तू का नाही आलीस गं, मी तुझाही भरला होता.

मी त्यांना काय म्हणाले माहीत आहे? माझं वय बसत नाही म्हणतात. तुझं खोटं मी वापरलं. मला ते बरं पडलं.

कारण पहिल्या दिवशी तुला सोडायला आले तेव्हा मी खिडकीतून वर्ग बघितला होता. बाक माझ्या गुडघ्याएवढे. सगळी शेंबडी पोरं. त्यांच्यात मी बसणार. तेरा वर्षांची घोडी. आणि अ आ म्हणणार. इथे मला गिऱ्हाइकं ताई म्हणायची. बाबा मला विचारून कपडे घ्यायचे. तिथे मला काही येत नव्हतं. मी घाबरले. तू घाबरलीस तशीच. फक्त मी तुझ्यापेक्षा मोठी होते म्हणून मला ते नीट लपवता आलं.

तू आलीस. दप्तर न ठेवता टेबलाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस ताई हा क. कमळाचा क. मी तुला मारलं नाही. कागद लुगड्यांच्या खाली ठेवला.

म्हणून सांगते. मी शाळेत गेले नाही ते माझं आहे. तुझं नाही. तू ते उचलून स्वतःच्या नावावर छापलंस. एकवीस वर्षं घाबरून बसलीस आणि मला विचारलं नाहीस.

आता राग कशाचा ते. तुला अजून कळलेलं नाही. तीन पत्रं लिहिलीस पण कळलं नाही.

एक. फॉर्म लपवलास तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आता किती वर्षांची आहेस? जगातल्या सगळ्या पोरांना सांगितलंस. मला सोडून.

दुसरं भिंगरीचं. सातवं वाक्य तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. माझी लेक माझ्याकडे असं कधी बघत नव्हती. बिचारी आई, असं. मी बारा माणसांची लाँड्री चालवते. मला बिचारी कोणी म्हणायचं नाही.

आणि ती खूप रडली असणार हे तुला कोणी सांगितलं? मी रडले नव्हते. तू होतीस का तिथे?

वाक्यांचं सांगते. तिसरं ठेव. ते खरं आहे. जाता आलं असतं. सातवं पण ठेव. ते तुझं आहे, तूच सांभाळ. पाचवं काढ. नववं काढ. रिकाम्या जागी हे घाल. कोट नेण्याआधी गिऱ्हाइकाने खिसे बघायला हवे होते. दुसरं तू बनव. बस नाहीतर सफरचंद घाल.

भिंगरीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तू पण घाबरतेस? आणि हसत सुटली. मग मी पुस्तिका खाली काढून दिली.

कागद या पाकिटात घातलाय. बघून घे. तुला वाटेल मी तुझं मन राखायला गोष्ट रचते, तू तशीच आहेस. म्हणून पाठवला. बघून झालं की परत दे. खिशातलं ते गिऱ्हाइकाचं.

ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र पंचवीसला सकाळी मिळालं, ऑफिसला निघताना. पोस्टमनने या वेळी मान वर करून हाक मारली. मी जिन्यातच बसले आणि वाचलं. तुझ्या पत्रात एकही चूक नाही. म्हणजे आहेत, पण मी त्या काढणार नाही.

फॉर्म उघडायला मला बराच वेळ लागला. घड्यांवर कागद इतका मऊ झालाय की तो कापडासारखा उलगडला. बाबांच्या अंगठ्याची शाई जांभळट झालीय. तुझं नाव मोठ्या बाईंच्या तिरप्या अक्षरात आहे आणि वयाच्या जागी त्यांनी लिहिलंय, 'अंदाजे अकरा'. ताई, त्यांनी दोन वर्षं कमी लिहिली होती. वयामुळे अडू नये म्हणून. तू हे आधीच वाचलं असशील, तुला वाचता येऊ लागल्यावर. की वाचलं नाहीस? मी विचारतेय, गृहीत धरत नाही. धरायची सवय मोडायला मला थोडा वेळ लागेल.

तू विचारलंस, आता किती वर्षांची आहेस. सत्तावीस. तुला आधी सांगायला हवं होतं. तेही फोनवर नाही, समोर बसून.

ऑफिसात पोचले आणि दुरुस्तीचा कागद बाईंसमोर ठेवला. तिसरं तसंच, सातवं तसंच. पाचवं काढलं, नववं काढलं. नवव्याच्या जागी बस घातली, चुकली असेलही अशी. पाचव्याच्या जागी तुझं वाक्य. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"कोट? खिसे? याचा इथे काय संबंध?"

मी म्हटलं, "संबंध आहे, बाई."

"आणि तिसऱ्याचं कारण कुठेय? जाता आलं असतं, मग गेली का नाही? पोरं विचारतील."

"विचारू देत. ते तिचं तिला माहीत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्म्याच्या वरून. मग पाचव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे वाक्य कोणाचं? तुझं नाही वाटत. तू इतकं सरळ लिहीत नाहीस." मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं." त्यांनी सही केली आणि कागद छपाईला दिला. जाताना म्हणाल्या, "तिला विचार अजून आहेत का. वाक्यं."

ते मी तुला विचारणार नाही. म्हणजे विचारेन, पण आधी बाकीचं.

पुस्तिका दुरुस्त होऊन छापून आली की भिंगरीसाठी नवी प्रत घ्यायची, असं मी ठरवलं होतं. मग वाटलं, तिला जुनीच राहू दे. तिच्यात काय चुकलंय ते तिला आता माहीत आहे, आणि ते तिला तू सांगितलंयस.

काल पोस्टात गेले होते. फॉर्म जाड पुठ्ठ्यात घातला, पत्ता लिहिला, खिडकीशी माझा नंबर आला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "द्या." मी हात पुढे केला आणि परत घेतला. मागचे लोक वैतागले. बाई म्हणाल्या, "पाठवायचंय की नाही?" मी म्हटलं, "नाही."

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तू इस्त्रीवर असशील तर इस्त्रीवर अस, मी टेबलाच्या या बाजूला उभी राहीन. बोलायचं नसेल तर चादरी काढ, घड्या घालू. मोठ्या चादरीला तसेही दोघे लागतात.

फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे. आत्ता पुन्हा बघितला, आहे. या वेळी तो मी कुणाच्या खिशात ठेवणार नाही. तुझ्या हातात देईन.

बारकी